पेरीचं बालपण आणि लेखकाचा ‘मी’

ट्रुमन कपोटेचं ‘इन कोल्ड ब्लड’ वाचून आमच्यातले दोघे-तिघे पार हलले. मीही हललो. म्हणूनच लिहितोय, नाहीतर अमेरिकन पुस्तकाच्या कौतुकापायी स्टेन्सिल कोण वाया घालवतो!

१५ नोव्हेंबर १९५९. कॅन्सस राज्यातलं हॉलकम गाव. क्लटर नावाच्या सधन शेतकऱ्याच्या घरात चार खून पडले. नवरा, बायको, १६ वर्षांची पोरगी, १५ वर्षांचा पोरगा. मारणारे पेरी स्मिथ आणि डिक हिकॉक. १४ एप्रिल १९६५ ला दोघांना फाशी झाली.

पेरीची आई दारूत बुडालेली. पोरगं अनाथाश्रमात नन्सचा मार खात वाढलं. पुढं अपघातात पाय मोडले. गिटार वाजवायचा, मोठमोठे शब्द पाठ करायचा. कपोटे हे असं मायेनं लिहितो की पेरी आपल्याच वस्तीतला वाटायला लागतो. मलाही वाटला, खोटं का बोला. पण तीच माया डिकच्या वाट्याला येत नाही, तो नुसता लबाड राहतो. आणि क्लटरची बायको? आजारी सावली. मागं उरलेल्या नातेवाइकांना हे चित्र मुळीच पटलं नव्हतं.

सहानुभूती ठेवावी की, नको कोण म्हणतो! पण उघड ठेव ना बाबा. तुरुंगात वर्षानुवर्षं भेटणारा, पत्रं लिहिणारा हा माणूस पुस्तकात ‘मी’ म्हणून कुठंच येत नाही. वर दावा काय, तर शब्दन् शब्द खरा. आणि शेवटचा कबरस्तानातला प्रसंग चक्क रचलेला. चरित्रकार जेराल्ड क्लार्कनं ते १९८८ साली मांडलं. फाशीशिवाय पुस्तक संपत नव्हतं, आणि फाशी लांबतेय म्हणून हा गृहस्थ मित्रांना पत्रं लिहून तळमळत होता. वाचकाला पेरीसाठी रडवणारा लेखक पेरीच्या मरणाची वाट बघत होता.

आता आपल्याकडं या. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी, जिल्हा भंडारा. तिथंही चारच माणसं. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी, दोन मुलगे. इथं माया उलटीकडं गेली. सुरुवातीच्या बातम्यांत जमिनीचा वाद आला, बाईच्या ‘संबंधां’ची कुजबुज आली. जात मागं राहिली. शिकणाऱ्या पोरीचं बालपण शोधायला कुणी गेलं नाही. २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टानं खून धरले, ॲट्रॉसिटी कायदा धरला नाही. त्या बातम्यांतही कुठं ‘मी’ नव्हता. सगळे तटस्थ!

आनंद तेलतुंबडे यांचं खैरलांजीवरचं पुस्तक २००८ साली आलं. ते कुणाच्या बाजूचं आहे हे त्यात लपवलेलं नाही. त्यामुळं त्याच्याशी भांडता येतं. आम्ही भांडलोही, रात्रभर.