धोरणात नदी आहे, वेळापत्रकात नाही

वसमतहून परभणीला जाताना राहटीजवळ पूर्णा नदी ओलांडावी लागते. येथील बंधाऱ्यातून परभणी शहराला वर्षानुवर्षे पाणी पुरवले गेले. बंधाऱ्यातला साठा खाली गेला की वरच्या सिद्धेश्वर धरणातून नदीच्या पात्रात पाणी सोडावे लागे, आणि ते पात्रातूनच वाहत येई. या पाण्याची नोंद वहीत ‘पिण्याचे पाणी’ अशी होणार, आणि ते योग्यच आहे. पण वाटेत त्याने डोह भरले, डबक्यांत अडकलेल्या माशांना वाट दिली, काठचा ओलावा टिकवला. एकाच पाण्याने दोन कामे केली. नोंद मात्र एकाच कामाची झाली. आपल्याकडचे पाणीविषयक निवाडे आणि धोरणे वाचताना आम्हांला हा बंधारा वारंवार आठवतो. त्या कागदांत नदीला कोणते स्थान आहे आणि ते पुरेसे आहे काय, हे येथे तपासून पाहू.

आधी पूर्णा प्रकल्पाची रचना ध्यानात घेऊ. १९६०च्या दशकात पूर्णेवर दोन धरणे बांधण्यात आली. जिंतूर तालुक्यातील येलदरी हे मुख्य साठ्याचे धरण, तर खालच्या अंगाला औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर हे कालव्यांसाठी पाणी उचलून देणारे धरण. येलदरीचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर, तर सिद्धेश्वरचा त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा, म्हणजे सुमारे ८१ आहे. येलदरीचे पाणी २२.५ मेगावॉट क्षमतेच्या वीजगृहातून नदीत उतरते आणि पात्रातून सिद्धेश्वरला पोहोचते. तेथून ते कालव्यात जाते. वसमत भागातील ऊस, हळद आणि केळी या पाण्यावर उभी आहेत. म्हणजे दोन धरणांमधल्या पात्राला आवर्तनाच्या निमित्ताने पाणी मिळते. सिद्धेश्वरच्या खाली मात्र नदीकडे उरते ते ओढ्यानाल्यांचे, शेतांतून झिरपून आलेले, आणि दरवाजे उघडले तर धरणाचे.

आता कागदांकडे वळू. गोदावरी पाणीतंटा लवादाचा निवाडा १९८० साली झाला. त्यात समाविष्ट झालेल्या १९७५ च्या करारानुसार पूर्णेवर सिद्धेश्वरपर्यंतचे सर्व पाणी महाराष्ट्राला आपल्या उपयुक्त वापरासाठी घेता येते. हा राज्याराज्यांतला हिशेब आहे. नदी कोरडी करा, असे त्यात सांगितलेले नाही. पण ‘सर्व पाणी’ हे शब्द एकदा कानांवर पडले, की धरणाच्या भिंतीखाली जाणारा प्रत्येक थेंब वाया गेला असे वाटू लागते. वास्तविक शेजारच्या कृष्णा खोऱ्यासाठी लवादाने १९७६ साली जो अंतिम आदेश दिला, त्यात उपयुक्त वापराच्या व्याख्येत मत्स्यसंवर्धन आणि वन्यजीव संरक्षण यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे दार तेव्हापासूनच उघडे होते.

राष्ट्रीय जलनीतीचा प्रवासही उद्बोधक आहे. १९८७ च्या नीतीत प्राधान्यक्रम होता तो पिण्याचे पाणी, सिंचन, जलविद्युत, जलवाहतूक, आणि उद्योग व इतर वापर असा. परिसंस्थेचे नाव त्या यादीत नव्हते. २००२ च्या नीतीत ते आले, चौथ्या क्रमांकावर, जलविद्युतेच्या नंतर. २०१२ च्या नीतीने आणखी पुढचे पाऊल टाकले. नदीच्या प्रवाहाचा काही भाग परिसंस्थेसाठी बाजूला ठेवावा, आणि धरणातून सोडायचे कमी-अधिक पाणी नदीच्या नैसर्गिक चढउताराच्या प्रमाणात असावे, असा तिचा आशय आहे. वैज्ञानिक दृष्टीने ही भूमिका पहिल्या दोन्हींपेक्षा निश्चितच सरस आहे.

मग आमची तक्रार कोणती? पहिल्या दोन नीतींनी पाण्याकडे केवळ घनफळ म्हणून पाहिले. यादीत क्रमांक लावला की प्रश्न ‘किती’ एवढाच उरतो. जिवंत नदीच्या दृष्टीने मात्र ‘केव्हा’ आणि ‘कोणत्या वेगाने’ हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे असतात.

दोन उदाहरणे घेऊ. रोहू, मृगल यांसारखे कार्प कुळातील मासे पावसाळ्यात पाणी चढू लागले की अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात ते सहसा विणत नाहीत. कटक येथे १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवून आणले, ते या अडचणीवर मात करण्यासाठीच. आज तलावांत दरवर्षी मत्स्यबीज सोडावे लागते, त्यामागेही हेच कारण आहे. जून-जुलैत धरण भरून घेण्यासाठी पहिले पूर अडवले, तर खालच्या पात्रातील माशांना विणीची खूणच मिळत नाही. सप्टेंबरमध्ये धरण भरल्यावर पाचपट पाणी सोडले तरी ती वेळ परत येत नाही.

दुसरे उदाहरण नदी सुरय या पक्ष्याचे. तो उन्हाळ्यात पात्रातील वाळूच्या उघड्या बेटांवर अंडी घालतो. एप्रिलमध्ये अचानक मोठा प्रवाह सोडला तर ती घरटी वाहून जातात. तेव्हा जास्त पाणी म्हणजे नदीचे जास्त भले, हे समीकरणही खरे नाही.

२०१२ च्या नीतीत हे तत्त्व आले, पण तारखा आल्या नाहीत, आकडे आले नाहीत, आणि दरवाजा कोणी उघडायचा हेही आले नाही. आकडे लिहिता येत नाहीत, असे म्हणण्याची सोय नाही. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी नोव्हेंबर ते मार्च २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल व मे महिन्यांत २५ टक्के आणि जून ते सप्टेंबर ३० टक्के प्रवाह राखण्याचे बंधन घातले आहे. हे प्रमाण पुरेसे की अपुरे, यावर वाद होऊ शकतो. पण वाद घालायला आकडा तरी आहे. ही अधिसूचना गंगेपुरतीच आहे.

पाणीपुरवठा सांभाळून नदीला पाणी देता येते का, याचा एक प्रयोग अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर झाला. मार्च १९९६ च्या अखेरीस ग्लेन कॅनियन धरणातून सात दिवस सेकंदाला सुमारे १,२७० घनमीटर पाणी सोडण्यात आले. पात्रातले वाळूचे काठ पुन्हा तयार व्हावेत, हा उद्देश होता. हे पाणी खालच्या मीड जलाशयात जमा झाले. पुरवठ्यातून ते वजा झाले नाही. काही पाणी जनित्रांना वळसा घालून सोडल्यामुळे विजेचे नुकसान मात्र झाले. काठ तयार झाले, पण त्यांतले बरेचसे लवकरच झिजले, कारण धरणाखालच्या पात्रात वाळूच थोडी उरली होती. म्हणून २००४ आणि २००८ चे प्रयोग पारिया या उपनदीने नवी वाळू आणून टाकल्यानंतर करण्यात आले. धडा असा, की उपनदीची वेळ साधली तर धरणाच्या पाण्याचे चीज होते.

येलदरी आणि सिद्धेश्वर यांचे नातेही असेच आहे. मधल्या पात्रातून वाहिलेले पाणी खालच्या धरणात मिळतेच. प्रश्न ते एकदम सोडायचे की हळूहळू चढवत-उतरवत, एवढाच. सिद्धेश्वरच्या खाली मात्र खरोखर किंमत मोजावी लागेल. ती किती, याचे गणित वर्गात करता येईल. उदाहरणादाखल सेकंदाला ५ घनमीटर प्रवाह धरू. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे दिवसाला ४.३२ लाख घनमीटर. दहा दिवसांचे ४.३२ दशलक्ष घनमीटर. येलदरीच्या उपयुक्त साठ्याच्या तुलनेत हे अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त. पूर्णेला नेमके एवढेच पाणी हवे, असा आमचा दावा नाही. ते पात्राच्या मोजणीनेच ठरेल. पण खालच्या ओढ्यांना पूर आलेला असताना त्याच्या जोडीने एवढे पाणी सोडले, तर परिणाम एकट्या पाण्यापेक्षा मोठा होईल. राहटीसारख्या बंधाऱ्यासाठी पाणी सोडायचेच असेल, तर त्याची वेळ आणि वेग पाहून ठरवण्याला जादा पाणी लागत नाही.

यावर शेतकऱ्याचा आक्षेप रास्त आहे. जुलैमध्ये धरण भरेल की नाही, हे कोणालाच माहीत नसते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते मराठवाडा विसरलेला नाही. अशा वर्षी माशांचा वाटा माणसांच्या आधी काढा, असे कोणी म्हणणार नाही. म्हणूनच वाटा ठरीव घनफळात न सांगता येणाऱ्या पाण्याच्या प्रमाणात सांगायला हवा. तुटीच्या वर्षी शेत, गाव आणि नदी या तिघांचीही ओढाताण होईल. पण सुकाळातही नदीचा वाटा शून्यच, असे होणार नाही. २०१२ च्या नीतीतील ‘प्रमाण’ या शब्दाचा खरा अर्थ हाच आहे, आणि तो कालव्याच्या आवर्तनाच्या तक्त्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. आपल्या गावाजवळच्या पुलावरून विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा नोंद करावी: पाणी वाहते आहे की थांबले आहे, वाळू किती उघडी आहे, कोणते पक्षी दिसतात. बाजारात त्या आठवड्यात नदीचे कोणते मासे आले, हे भोई बांधवांना विचारावे. शेजारच्या रकान्यात आवर्तनाच्या जाहीर झालेल्या तारखा लिहाव्यात. दोन-तीन वर्षांत दोन्ही रकाने शेजारी ठेवून पाहता येतील.

अभ्यासक्रमात विषय आहे, पण वेळापत्रकात त्याला तास नाही, तर तो शिकवला जात नाही, हे आपणां शिक्षकांना सांगायला नको. आपल्या जलनीतीत नदीचे नेमके तेच झाले आहे.