पुराण मागणारा श्रोता

फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची आपल्याला आठवण होते ती बहुधा वर्षातून एकदा, मराठी भाषा गौरव दिनाच्या सुमारास. फुलांच्या, रत्नांच्या, पक्ष्यांच्या उपमा देऊन मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या व्यासपीठावरून म्हटल्या जातात. एका परदेशी धर्मगुरूने आपल्या भाषेवर एवढे प्रेम केले ह्याचा आपल्याला अभिमान वाटतो, टाळ्या पडतात आणि ग्रंथ पुन्हा कपाटात जातो. त्या ओव्या सुंदर आहेत ह्याबद्दल वाद नाही. परंतु मला नेहमी वाटत आले आहे की त्या ओव्यांनी ह्या ग्रंथाचे जेवढे भले केले तेवढेच नुकसानही केले. जवळपास अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ चार-दोन ओव्यांच्या उंबरठ्यावरच अडकून पडला.

सेमिनरीत असताना मीही तो असाच वाचला. प्रकाशनाचे वर्ष १६१६, स्थळ गोव्यातील रायतूर, भाग दोन : पहिल्यात जुना करार, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र, आवृत्त्या अमुक, छंद ओवी. परीक्षेला एवढे पुरत असे. पुढे धर्मग्रामांत काम करताना, श्रद्धा दुसऱ्यापर्यंत कशी पोहोचवावी हा प्रश्न माझ्या नित्याच्या कामाचा झाला आणि मी ग्रंथ पुन्हा उघडला. तेव्हा पहिल्याच अवस्वरात (ह्या पुराणाच्या अध्यायांना ‘अवस्वर’ म्हणतात) एक माणूस मला भेटला. त्याच्याकडे माझे पूर्वी लक्षच गेले नव्हते. त्याच्याविषयी लिहावे म्हणून हा लेख.

प्रसंग साधा आहे. गोव्यातील साष्टी प्रांत; आपल्या मुंबईलगतची साष्टी ती नव्हे. रविवारची सायंप्रार्थना आटोपली आहे. नवख्रिस्ती मंडळींना धर्मशिक्षण चालले आहे. तेवढ्यात एक ब्राह्मण पाद्रींपुढे येतो व आपले मनोगत सांगतो. तुम्ही शिकवता ती दोत्रिना चांगली आहे, हे तो मान्य करतो. पण त्याची मागणी निराळी आहे. आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत. मग वाचून मनाला विसावा मिळावा असे दुसरे एखादे पुराण आम्हांला का देत नाही? ह्या प्रश्नातून ‘ख्रिस्तपुराण’ सुरू होते.

टीकाकार म्हणतील, ही तर पुराणरचनेची रूढ चौकट आहे. श्रोता विचारतो, वक्ता सांगतो, अशीच आपली पुराणे घडली आहेत. ते खरे आहे. स्टीफन्स ह्यांनी ही चौकट जाणीवपूर्वक उचलली, ह्यातच त्यांची साहित्यिक समज दिसते. परंतु चौकट रूढ असली तरी तिच्यात बसवलेला प्रश्न रूढ नाही. पुराणातील नेहमीचा श्रोता शंका विचारतो. हा श्रोता मागणी करतो आणि तिच्यासोबत एक तक्रारही नोंदवतो. तुमची शिकवण बुद्धीला पटते, पण आमचे ओठ रिकामे झाले आहेत, आणि ते तुम्ही रिकामे केलेत, असा त्या बोलण्याचा भावार्थ. बोलण्यात नम्रता आहे, पण दंशही आहे. कवीने तो दंश झाकला नाही, ही ह्या ग्रंथाची पहिली थोरवी होय.

तो दंश समजून घ्यायचा तर काळ पाहावा लागतो. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशनचे न्यायपीठ आले. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडण्यात आली. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीयांची हत्या झाली आणि त्यानंतर त्या गावच्या प्रमुखांनाही ठार करण्यात आले. श्रद्धेच्या नावाने दोन्हीकडचे रक्त त्या मातीत मिसळले होते. अशा साष्टीत तो ब्राह्मण प्रश्न विचारतो आहे. त्याच्या मागणीतील पोकळी आपोआप निर्माण झालेली नव्हती. सत्तेने ती निर्माण केली होती, आणि त्या सत्तेच्या हातात क्रूस होता. हे लिहिताना एक ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून मला संकोच वाटतो. पण तो टाळून ह्या ग्रंथाची समीक्षा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

ह्या प्रसंगाला दुसरीही बाजू आहे. स्टीफन्स स्वतः कोठून आले होते? इंग्लंडमधून. राणी पहिल्या एलिझाबेथच्या त्या राज्यात कॅथलिक धर्मगुरूंचा छळ होत होता. चोरून मिस्सा अर्पण करावी लागे. स्टीफन्स १५७५ साली रोमला येशूसंघात दाखल झाले व १५७९ साली गोव्यात पोहोचले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १५८१ साली, एडमंड कँपियन ह्या येशूसंघीय धर्मगुरूला लंडनमध्ये फाशी देण्यात आली. आपली प्रार्थना बेकायदेशीर ठरते तेव्हा काय वाटते, हे स्टीफन्स ह्यांना कोणी शिकवायला नको होते. नियतीचा खेळ असा की, जेथे त्यांची श्रद्धा निषिद्ध होती त्या देशातून ते अशा ठिकाणी आले, जेथे त्यांचीच श्रद्धा राज्यकर्ती होती व दुसऱ्यांची निषिद्ध. त्या ब्राह्मणाचा प्रश्न त्यांच्या कानी इतका स्पष्ट पडला तो कदाचित ह्यामुळेच. हा माझा तर्क आहे. ग्रंथात तसे कोठे म्हटलेले नाही. पण ज्याने तहान भोगली आहे त्याला दुसऱ्याच्या कोरड्या घशाचा आवाज लवकर कळतो.

प्रश्न ऐकल्यावर त्यांनी काय केले, ह्याचे उत्तर म्हणजे हा ग्रंथ. साष्टीतील लोकांची बोली कोकणी. तिचे व्याकरण त्यांनी रचले, तिच्यात धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले. दोन्ही पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. परंतु पुराणासाठी त्यांनी मराठी निवडली, कारण तेथील लोक काव्य आणि कथा ऐकत ते मराठीत. तरीही ती मराठी त्यांनी पंडितांपुरती ठेवली नाही. प्रस्तावनेत ते सांगतात की, सामान्य जनांना समजावे म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द त्यांनी टाळले आणि ब्राह्मणांच्या बोलीतले, म्हणजे कोकणीतले, सोपे शब्द मिसळले. छंद घेतला तो ओवीचा : तीन चरणांना यमक, चौथा आखूड. ज्ञानेश्वरांपासून चालत आलेला आणि त्यांच्याच काळात पैठणच्या एकनाथांनी घरोघर पोहोचवलेला हा छंद. म्हणजे श्रोत्याने जे मागितले तेच, त्याच्याच मापाने, त्यांनी दिले. भारतात पाऊल ठेवल्यापासून ग्रंथ छापून होईपर्यंत सदतीस वर्षे गेली. उत्तर द्यायला एवढा वेळ घेणारा वक्ता विरळा!

शब्दांची निवड पाहण्यासारखी आहे. स्वर्गाला ‘वैकुंठ’, तारणाला ‘मुक्ती’ आणि ‘मोक्ष’, सैतानाला ‘देवचार’. हे शब्द श्रोत्याच्या घरातले आहेत. त्यांना नवा अर्थ देण्याचे धाडस कवी करतो. मात्र काही ठिकाणी तो थांबतो. ‘बाप्तिस्मा’, ‘इस्पिरितु सांतु’ असे शब्द तो तसेच ठेवतो. कोणता शब्द उसना घ्यावा व कोणता आपलाच राहू द्यावा, हा विवेक भाषांतरकाराचा तर आहेच, पण साक्षीदाराचाही आहे. आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगताना सगळेच त्याच्यासारखे केले तर सांगण्याजोगे काही उरत नाही; सगळेच आपल्यासारखे ठेवले तर ऐकणारा उरत नाही.

लिपीबाबत मात्र त्यांची इच्छा अपुरी राहिली. १६०८ साली येशूसंघाच्या महाधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात, ह्या देशाच्या भाषेत व लिपीत पुस्तके छापली जावीत अशी आपली अनेक वर्षांची उत्कंठा त्यांनी कळवली. युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, येथे सहाशेच्या घरात लागतात, ही अडचणही सांगितली. अखेर पुराण रोमन लिपीतच छापले गेले. देवनागरीतील छापील आवृत्ती यायला १९५६ साल उजाडावे लागले. ती पुण्याच्या शांताराम बंडेलू ह्यांनी सिद्ध केली. ज्या भाषेच्या गौरवासाठी आपण टाळ्या वाजवतो, तिच्या लिपीत हा ग्रंथ यायला तीनशे चाळीस वर्षे लागली, हे आपण लक्षात ठेवावे.

आता दोषांविषयी. मूर्तिपूजेविषयी कवी लिहितो तेव्हा त्याचा स्वर कठोर होतो. ज्याने सन्मानाने प्रश्न विचारला त्याच्याच पूर्वजांच्या श्रद्धेवर प्रहार होतो, आणि तेथे कवी मागे पडून सत्तेच्या बाजूला उभा असलेला उपदेशक पुढे येतो. सिद्धान्त सांगणारे काही भाग लांबतात. ओवी चालते पण गात नाही. सर्वांत मोठी उणीव मला ही वाटते की, श्रोत्याच्या तक्रारीला ग्रंथ थेट उत्तर देत नाही. त्याने जे गमावले त्याबद्दल खेदाचा शब्द कोठे आढळत नाही. नवे पुराण मिळते, पण जुने का हिरावले गेले ह्याबाबत मौन राहते. सतराव्या शतकातील धर्मगुरूकडून त्या शब्दाची अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचे होईल. पण आपण आज वाचतो आहोत. त्या मौनाचे उत्तर देणे आपल्याकडे आले आहे.

ख्रिस्तसभेने ते दिलेही आहे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात स्पष्ट केले की, श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये. १९७५ साली पोप सहावे पॉल ह्यांनी सुवार्ताप्रसारावरील आपल्या पत्रात शिकवणाऱ्यापेक्षा साक्ष देणाऱ्याचे महत्त्व सांगितले. १९९० साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी लिहिले की, ख्रिस्तसभा श्रद्धा पुढे ठेवते, लादत नाही. ह्या सर्वांच्या कितीतरी आधी संत पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात हेच सांगितले होते : तुमच्या आशेचे कारण जो विचारील त्याला उत्तर देण्यास सिद्ध असा, पण ते सौम्यतेने व आदराने द्या. पेत्राच्या वाक्यात विचारणारा आधी येतो, उत्तर नंतर. साष्टीतील त्या रविवारीही क्रम हाच होता.

वाचकहो, येथपर्यंत ही ग्रंथाची गोष्ट झाली. आता आपली.

काही वर्षांपूर्वी नाताळात माझ्या धर्मग्रामातील एका घरी सुंदर गोठा उभारला होता. शेजारचे हिंदू गृहस्थ आपल्या नातवाला घेऊन तो पाहायला आले. त्यांनी घरमालकाला विचारले, “तुमचा देव राजा ना? मग त्याचा जन्म गोठ्यात का दाखवता?” घरमालक हसून म्हणाले, “ते आमच्या फादरना विचारा हो!” आणि ते गृहस्थ खरोखरच माझ्याकडे आले. मी अर्धा तास उत्साहाने सांगितले. ते समाधानाने गेले. मीही समाधानात होतो. रात्री मात्र मनाला टोचणी लागली. तो प्रश्न माझ्या दारी आलाच नव्हता. तो त्या घराच्या उंबऱ्यावर, त्या गोठ्यापुढे, वीस वर्षांच्या शेजारधर्मातून आला होता. माझे उत्तर अचूक होते. पण शेजाऱ्याला शेजाऱ्याचे उत्तर हवे होते.

त्या घरमालकाला मी दोष देत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही त्यांच्याकडून उत्तरे पाठ करून घेतली. प्रश्न कसा ऐकावा हे कधी शिकवले नाही. शिवाय आजचे वातावरणही त्यांना ठाऊक आहे. श्रद्धेविषयी दोन शब्द बोलले तरी धर्मांतराचा आरोप येईल, ह्या धास्तीने पुष्कळ कुटुंबे गप्प राहणे पसंत करतात. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचेही स्वातंत्र्य आपल्याला दिले आहे. पण हक्क असणे आणि योग्य रीतीने बोलता येणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काही उत्साही मंडळी न विचारता सांगत सुटतात, आणि आपल्यापैकी बहुतेक जण विचारले तरी सांगत नाहीत. विचारणाऱ्याचा मान दोघेही राखत नाहीत.

‘ख्रिस्तपुराण’ आज मिळवणे अवघड नाही. १९९६ साली फादर कारिदाद द्रागो ह्यांनी सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती आली. २००९ साली फादर नेल्सन फालकांव ह्यांनी ते आजच्या मराठीतून उपलब्ध करून दिले. येत्या प्रायश्चित्तकाळात पहिला अवस्वर तरी घरी मोठ्याने वाचावा, अशी माझी विनंती आहे. एकाने ब्राह्मणाचे बोलणे वाचावे, दुसऱ्याने पाद्रींचे. वाचून झाल्यावर पुस्तक लगेच मिटू नये. आपल्या शेजाऱ्याने, सहकाऱ्याने, सुनेच्या माहेरच्यांनी गेल्या वर्षभरात आपल्या श्रद्धेविषयी काय विचारले होते, ते आठवून पाहावे. आणि आपण काय उत्तर दिले होते, तेही.

त्या ब्राह्मणाचे नाव स्टीफन्स ह्यांनी नोंदवले नाही. पण त्याने विचारले नसते तर ह्या ग्रंथाची पहिली ओवी कशी सुरू झाली असती, हे मला सांगता येत नाही.