फलप्रामाण्यवाद : सत्याचे स्वरूप आणि सत्याची कसोटी

'फलप्रामाण्यवाद' ही संज्ञा समीक्षेत अनेकदा 'उपयुक्ततावाद' या अर्थाने वापरली जाते आणि 'जे सोयीचे ते सत्य' एवढ्या सूत्रावर एका गंभीर विचारप्रणालीची बोळवण होते. या गैरसमजाच्या मुळाशी एक तात्त्विक संदिग्धता आहे. तिचा उलगडा न करता ही भूमिका साहित्यविचारात आणणे धोक्याचे ठरेल.

चार्ल्स सँडर्स पर्स याने 1878 मध्ये मांडलेला सिद्धान्त मूलतः सत्याचा नव्हे, तर अर्थाचा होता. हिरा 'कठीण' आहे म्हणजे काय, तर इतर बहुतेक पदार्थांनी त्यावर ओरखडा उठणार नाही. संकल्पनेचा अर्थ तिच्या संभाव्य व्यावहारिक परिणामांत सामावलेला असतो. विल्यम जेम्सने 1907 च्या व्याख्यानसंग्रहात ही पद्धत सत्याच्या संकल्पनेलाच लागू केली. कल्पना मुळात सत्य नसते, पडताळ्याच्या प्रक्रियेत ती सत्य होते, असे त्याचे प्रतिपादन. आपल्या सिद्धान्ताचे असे विस्तार पर्सला मान्य नव्हते आणि 1905 मध्येच त्याने आपल्या भूमिकेसाठी मुद्दाम वेगळे, बोजड नाव योजले होते.

येथे न्यायदर्शनातील एक भेद उपयुक्त ठरतो. दूरवर पाणी दिसले, जवळ गेल्यावर तहान भागली. या प्रवृत्तिसाफल्यावरून ज्ञान यथार्थ होते हे कळते. परंतु तहान भागल्यामुळे ते ज्ञान यथार्थ झाले, असे नैयायिक म्हणत नाहीत. सत्याचे स्वरूप वेगळे, त्याची कसोटी वेगळी. जेम्स हा भेद पुसट करतो आणि रसेलादी टीकाकारांचे आक्षेप याच फटीतून आत शिरतात. तथापि जेम्सची बाजूही दुबळी नाही. 'वास्तवाशी अनुरूपता' म्हणजे काय हे अनुभवाच्या भाषेत सांगता येत नसेल, तर ती अनुरूपता हा केवळ शब्द उरतो.

रिचर्ड रॉर्टीने या वादाला भाषिक वळण दिले. अनुरूपतेची जागा समुदायाला मान्य होणाऱ्या समर्थनाने घेतली. उंबेर्तो एकोशी झालेल्या, 1992 मध्ये ग्रंथबद्ध झालेल्या चर्चेत त्याने संहितेचा 'अन्वयार्थ' आणि 'वापर' हा भेदही नाकारला. मग प्रश्न असा, की एखादे वाचन चुकीचे आहे असे म्हणण्याचा आधार कोणता? वाचकसमुदायाची संमती हाच आधार असेल, तर त्या समुदायाबाहेर ठेवलेल्याने कोणाकडे दाद मागावी?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या परिसरातच सापडते. 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूईचे विद्यार्थी असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या भाषणात आपल्या या गुरूचा ऋणनिर्देश केला आहे. जातिव्यवस्था ही श्रमविभागणी असून ती समाजाला उपकारक ठरली, हे तिचे समर्थन वरकरणी फलप्रामाण्यवादीच आहे आणि त्यामागे दीर्घकालीन संमतीचे बळही आहे. आंबेडकर फलाची कसोटी टाकून देत नाहीत. ते ती पूर्णपणे लावतात. ही विभागणी केवळ श्रमाची नसून श्रमिकांचीही आहे, हे ते दाखवून देतात. म्हणजेच फल कोणाच्या वाट्याला आले, हा प्रश्न ते कसोटीतच समाविष्ट करतात.

पर्सला अभिप्रेत असलेला शोधकांचा समुदाय सीमारहित होता, हे येथे आठवावे. ज्या पडताळ्यातून कोणाचा तरी अनुभव आधीच वगळलेला आहे, तो पडताळा अपुरा, म्हणून त्यावर उभी असलेली संमतीही तात्पुरती. साहित्यकृतीच्या प्रस्थापित वाचनालाही हाच न्याय लागू होतो. वगळलेल्या वाचकाचा अनुभव आपोआप सत्य ठरत नाही. त्यालाही संहितेच्या साक्षीला सामोरे जावे लागते. पण त्याची साक्ष नोंदवली जाण्यापूर्वीच निकाल लागला असेल, तर त्या निकालाला सत्य म्हणण्याचा अधिकार फलप्रामाण्यवाद देत नाही.