मोहोरबंद शवपेटी आणि पाहण्याचा अधिकार

श्रीलंकेचे दिग्दर्शक प्रसन्न वितानगे यांचा 'पुरहंद कळुवर' हा सिंहली चित्रपट १९९७ सालचा. पौर्णिमेच्या दिवशीचा काळोख, असा या शीर्षकाचा आशय. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमा हा उपोसथाचा व विहारात जाण्याचा दिवस मानला जातो; त्या दिवसालाच काळोखाची जोड देऊन दिग्दर्शकाने आपला विषय सुचविला आहे. जुलै १९८३ मध्ये पेटलेल्या यादवी युद्धाचे तेव्हा चौदावे वर्ष होते आणि ते मे २००९ पर्यंत चालले. या चित्रपटाचा विचार बौद्ध दृष्टीने व्हावयास हवा, असे आम्हांस वाटते; कारण त्यातील गाव बौद्ध आहे, बाप बौद्ध आहे, आणि ज्या राज्ययंत्रणेने त्याच्या दारी मोहोरबंद पेटी पाठविली तीही स्वतःला धम्माची रक्षणकर्ती म्हणवीत होती.

कथानक साधे आहे. कोरडवाहू प्रदेशातील अवर्षणग्रस्त गावात वन्निहामी हा अंध वृद्ध राहतो. त्याचा मुलगा बंडार सैन्यात गेला आहे तो कोणत्याही ध्येयवादाने नव्हे. अर्धवट राहिलेले घर पुरे व्हावे, बहिणीचे लग्न व्हावे, म्हणून. एके दिवशी राष्ट्रध्वजात गुंडाळलेली शवपेटी येते. ती उघडावयाची नाही, अशी आज्ञा असते. गाव रडते, दफन उरकते. वन्निहामी मात्र मुलगा मेला हे मान्य करीत नाही आणि नुकसानभरपाईच्या कागदावर अंगठा उठवीत नाही. एक लाख रुपयांची ती रक्कम घरच्यांना हवी आहे, ग्रामसेवकाला प्रकरण मिटवावयाचे आहे, विहारातील भिक्षूही समजूत घालतात. अखेर म्हातारा स्वतः कुदळ हाती घेऊन थडगे खणू लागतो. पेटीत निघतात केळीचा बुंधा आणि दगड.

जो अबेविक्रम या ज्येष्ठ नटाने वन्निहामी उभा केला आहे. त्याच्या तोंडी युद्धविरोधी भाषण नाही. रणभूमी, बंदूक, रक्त यांपैकी काहीच दिग्दर्शक दाखवीत नाही. तरीही २००० साली, एलिफंट पासचा लष्करी तळ पडल्यानंतरच्या काळात, सरकारने चित्रपटाचे प्रदर्शन रोखले. सैनिकांचे मनोधैर्य खचेल, ही भीती त्यामागे होती. दिग्दर्शक न्यायालयात गेले आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी अवैध ठरविली. एका अंध म्हाताऱ्याच्या कुदळीला सरकारने इतके का भ्यावे, हा प्रश्न चित्रपटाच्या परीक्षणातच येतो. लोकांचा वैताग सभेत, घोषणांत प्रकट झाला तर तो राजकारण म्हणून बाजूला सारता येतो. परंतु एखाद्या बापाने 'मला पाहू द्या' एवढेच म्हटले तर त्याला उत्तर देणे अवघड जाते.

या चित्रपटावर बौद्ध अभ्यासकाकडून एक आक्षेप येण्यासारखा आहे. वन्निहामी पुत्रमोहात गुरफटलेला आहे. अनित्यतेचा स्वीकार त्याला करता येत नाही. किसा गोतमीप्रमाणे त्यालाही सत्य उमजावयास हवे होते, असा तो आक्षेप. आमच्या मते येथे साम्यापेक्षा भेद महत्त्वाचा आहे. किसा गोतमीच्या कडेवर तिचे मूल होते. तथागतांनी तिला मृत्यू डोळ्यांआड करावयास सांगितले नाही. घरोघर जाऊन तो पाहावयास लाविले. वन्निहामीला जे नाकारले गेले ते नेमके हेच पाहणे. धम्माला 'एहिपस्सिक' म्हणतात, म्हणजे ये आणि पाहा असे आवाहन करणारा. ज्या पेटीत केळीचा बुंधा आहे तिच्यापुढे हात जोडून अनित्यतेचे चिंतन करावयास सांगणे, हा धम्माचा उपदेश नव्हे. तो शासनाच्या सोयीचा उपदेश आहे. चित्रपटातील भिक्षू दुष्ट नाहीत, सज्जन आहेत. म्हणूनच त्यांचे समजूत घालणे अधिक विचार करावयास लावते.

ही सोय श्रीलंकेत आजकालची नाही. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातील 'महावंस' या ग्रंथात दुट्ठगामणी राजाला एळारावरील विजयानंतर मनुष्यसंहाराचा पश्चात्ताप होतो, तेव्हा अर्हत त्याचे सांत्वन करतात की, मेलेल्यांत खरी माणसे दीडच होती. एकाने शरणगमन केले होते, दुसऱ्याने पंचशीलही घेतले होते, आणि उरलेले पशुतुल्य होते. संयुत्तनिकायातील योधाजीव सुत्त याच्या उलट आहे. रणात मरणारा योद्धा स्वर्गाला जातो काय, असे योद्ध्यांच्या नायकाने विचारले असता तथागतांनी दोनदा उत्तर टाळले आणि तिसऱ्यांदा ती समजूत साफ नाकारली. स्वर्गाची भाषा बाजूला ठेवली तरी आशय स्पष्ट आहे. राजाला खूश करणारे उत्तर तथागतांनी दिले नाही, वंसकाराने दिले. वितानगे यांनी 'महावंसा'चे नाव न घेता त्या दीड माणसाच्या हिशेबाला उत्तर दिले आहे.

प्रत्यक्ष इतिहासातही अशा पालकांची उणीव नव्हती. सप्टेंबर १९९८ मध्ये किलिनोच्चीच्या लढाईत बेपत्ता झालेल्या सैनिकांपैकी एकाची आई विशाखा धर्मदास यांनी अशा कुटुंबांची संघटना उभारली. पुढे या स्त्रिया तमिळ वाघांच्या ताब्यातील प्रदेशात चौकशीसाठी गेल्या आणि तेथील मातांनाही भेटल्या. आपल्या मुलाचे काय झाले, हा त्यांचा प्रश्न वन्निहामीचाच प्रश्न होता.

येथेच चित्रपटाची मर्यादा आम्हांस नोंदविली पाहिजे. त्यात एकही तमिळ घर नाही. दुःख सिंहली अंगणातच सुरू होते आणि तेथेच संपते. युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत नागरिक मारले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ साली नमूद केले. त्यांतील बहुसंख्य तमिळ होते. फेब्रुवारी २०१७ पासून किलिनोच्चीत आणि पाठोपाठ वव्हुनिया व इतर ठिकाणी बेपत्तांच्या माता रस्त्याकडेला ठाण मांडून बसल्या. त्यांच्या वाट्याला तर दगड भरलेली पेटीही आली नव्हती. सिंहली प्रेक्षकाला त्याच्याच घराच्या आतून हलविणे, हे दिग्दर्शकाचे धोरण आम्ही समजू शकतो. पण एवढ्याने ही उणीव भरून निघत नाही.

महाराष्ट्रातील आपल्या वाचकांना हे युद्ध परके वाटू नये. १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेना श्रीलंकेत होती आणि तिचे अकराशेहून अधिक जवान परतले नाहीत. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे, मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी तेथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. शौर्याचा गौरव व्हावाच. पण गौरव आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गौरवाच्या ध्वजाखाली हिशेब झाकला जाऊ नये, एवढेच वन्निहामी मागतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणीच्या पाण्यावरून उद्भवलेल्या शाक्य-कोलीय संघर्षात शोधले, हे आपणांस ज्ञात आहे. संघाने बहुमताने युद्धाचा ठराव केला; सिद्धार्थाने विरोध केला आणि परिव्रज्या पत्करली. त्यानंतरचा भाग मात्र आपण पुरेसा वाचीत नाही. सिद्धार्थ गेल्यावर युद्धाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, स्त्री-पुरुष व मुले यांच्या मिरवणुका निघाल्या, आणि शाक्य संघाला पुन्हा बैठक बोलावून सलोख्याचा मार्ग धरावा लागला, असे बाबासाहेबांनी लिहिले आहे. म्हणजे त्यांच्या मांडणीत एका पुरुषाचा त्याग पुरेसा ठरत नाही. युद्ध थांबविते ते सामान्य जनांचे न-स्वीकारणे. याच प्रकरणात राष्ट्रांतील युद्ध प्रासंगिक असते आणि वर्गांतील संघर्ष सततचा असतो, असा विचार येतो. बंडार सैन्यात का गेला, याचे उत्तर या विचारात आहे. घराच्या अर्धवट भिंतींनी त्याला तेथे पाठविले. त्याच्या मृत्यूची किंमत त्याच भिंती पुऱ्या करण्याएवढी ठरविण्यात आली.

हा चित्रपट आपल्या विहारांतून दाखविला जावा, अशी आमची सूचना आहे. तो पौर्णिमेला दाखवावा, त्यापूर्वी बाबासाहेबांच्या ग्रंथातील शाक्य-कोलीय प्रकरण वाचावे आणि नंतर चर्चा ठेवावी. चर्चेत तमिळ मातांचा प्रश्न आवर्जून घ्यावा. कारण जे पडद्यावर नाही ते श्रोत्यांनी पुरे करावयाचे आहे. बौद्ध राष्ट्राने लढलेले युद्ध म्हणून आपण त्याविषयी मौन पाळीत राहिलो, तर 'महावंसा'तील सांत्वन करणाऱ्यांत आणि आपल्यांत फारसा फरक उरणार नाही.