देखभालीचा कर्ता कोण?

परतवाडा–धारणी मार्गावरील सेमाडोह येथे वाटांचे धनी अनेक आहेत : मोठा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, ग्रामीण मार्ग १९६१ च्या अधिनियमान्वये जिल्हा परिषदेकडे, भोवतालचे अरण्य वनविभागाकडे. रोलर, डांबर व मजूर यांचा सामाईक उपयोग केल्यास खर्च वाचेल, हे मत ग्राह्यच आहे. आक्षेप आहे तो अशा व्यवस्थेच्या भाषेवर. ‘दुरुस्ती करण्यात येईल’ या शासकीय प्रयोगात कर्ता लुप्त असतो. यंत्रणा एकच असेल तर तो संदर्भाने कळतो. त्या अनेक झाल्या की कळत नाही. मग पावसाळ्यात खचलेल्या वाटेची तक्रार कोरकू शेतकऱ्याने कोणाकडे न्यावी? साधने सामाईक असावीत. दायित्व मात्र करारपत्रात तृतीयान्त कर्त्यासह, नावानिशी लिहिलेले असावे.