हेपॅरिन: नळीत एक, शिरेत दुसरंच

पी. एफ. हान यांचा 1943 चा 'सायन्स'मधला छोटासा लेख वाचला नसेल, तर आधी तो वाचा. खाल्ल्यानंतर कुत्र्यांचा प्लाझ्मा चरबीने गढूळ झालेला. हेपॅरिन टोचलं आणि तो निवळला. गोष्ट बहुतेक इथवरच सांगितली जाते, आणि मग नोट्समध्ये 'हेपॅरिन चरबी विरघळवतं' हे वाक्य शिरतं. ते चूक आहे. तसल्याच प्लाझ्मात नळीत हेपॅरिन मिसळलं तर काहीच होत नाही, हेही हान यांनीच नोंदवलंय. मला ही नोंद निवळण्यापेक्षा मोलाची वाटते.

आता आपल्या नगरच्या लॅबमधली हिरव्या टोपणाची नळी आठवा. तिच्यातही हेपॅरिनच, पण तिथे ते काम करतं, रक्त गोठत नाही. कारण अँटीथ्रॉम्बिन रक्तातच असतं. हेपॅरिन त्याला चिकटलं की थ्रॉम्बिन अडवण्याचा त्याचा वेग हजारेक पटीने वाढतो. लायपोप्रोटीन लायपेज मात्र केशवाहिन्यांच्या भिंतीला धरून बसलेलं. हेपॅरिन शिरेत गेलं तरच ते सुटून रक्तात उतरतं. हान यांच्या हाती हे एन्झाइम नव्हतं. ते नाव येतं कॉर्न यांच्या 1955 च्या कामात.

तुम्हाला याचं काय? हेपॅरिन चालू असलेल्या पेशंटच्या नमुन्यात सुटलेलं लायपेज नळीतही ट्रायग्लिसराइड फोडत राहतं. श्रीरामपूरहून नमुना उन्हातान्हात नगरला आला, तर त्यातली फॅटी ॲसिड्स पेशंटची किती आणि प्रवासातली किती, कोण सांगणार? नमुना लगेच बर्फात ठेवा, आणि मेथड्समध्ये मधला वेळ मिनिटांत लिहा.