मुघामचा मुक्काम

व्हेनिस शहरात दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात देशोदेशीची सरकारे आपापली दालने मांडतात. आपल्याकडचे जे उत्तम, जे जगाने पाहावेसे वाटते, ते तिथे न्यायचे असा रिवाज आहे. २०११ साली अझरबैजानच्या दालनात मात्र दोन संगमरवरी शिल्पांवर कापड टाकलेले होते. शिल्पकार आयदान सलाहोवा, त्या देशाचे नामवंत चित्रकार ताहिर सलाहोव यांची कन्या. एका शिल्पात नखशिखांत बुरख्यातली वधू. दुसऱ्यात हज्रे अस्वदची आठवण करून देणारा काळा दगड आणि त्याच्याभोवती स्त्रीदेहाचा भास व्हावा अशी संगमरवराची चौकट. पुढे ही शिल्पे दालनातून हलवलीच गेली. प्रवासात त्यांची मोडतोड झाली असे कारण दिले गेल्याचे त्या वेळी छापून आले होते.

दुसऱ्या शिल्पाने आपल्यातल्या कित्येकांचे मन दुखावेल, हे आम्ही नाकारत नाही. दुखावलेल्या माणसाने बोलावे, लिहावे, कलावंताला जाब विचारावा. तो त्याचा हक्क आहे. पण इथे वाद होण्याची वाटच पाहिली गेली नाही. ज्या हातांनी शिल्पे हौसेने नेली, त्याच हातांनी ती झाकली. आणि बुरख्यातल्या वधूवर आणखी एक बुरखा चढवला गेला, यातला विनोद दालन सांभाळणाऱ्यांच्या ध्यानात आला नसावा.

हाच देश त्याच वर्षांत आपले संगीत मात्र जगभर ऐकवत होता. कास्पियन समुद्राच्या काठी ८६,६०० चौरस किलोमीटरचा मुलूख, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. लोकसंख्या सुमारे एक कोटी, बहुसंख्य शिया मुसलमान, भाषा तुर्की कुळातली. १९९१ साली सोव्हिएत संघातून स्वतंत्र झालेल्या या राष्ट्राची ओळख जगाला तेलापलीकडे फारशी नव्हती. (आपल्याला तो मुलूख अगदीच परका नाही. बाकूजवळच्या सुराखानी इथल्या आतिशगाहच्या भिंतींवर जुन्या हिंदी व्यापाऱ्यांनी कोरलेले देवनागरी लेख आजही वाचता येतात.) तेलाचा पैसा हाती आला तेव्हा त्या राष्ट्राने आपली ओळख म्हणून पुढे केले ते मुघाम.

मुघाम हा शब्द अरबी 'मकाम'चा. आपला मराठी 'मुक्काम'ही त्याच घराण्यातला. स्वरांनी थांबायच्या जागा, त्या जागांवरून पुढे जायच्या वाटा, अशी ही गायकी आहे. शूर, सेगाह, चारगाह, रास्त, हुमायून, बयाती-शिराज ही तिच्यातली काही नावे. गायकाला खानेंदे म्हणतात. त्याच्या हातात डफ, एका बाजूला तार नावाचे तंतुवाद्य, दुसऱ्या बाजूला गजाने वाजवायचा कमांचा. पूर्ण दस्तगाह गायचा झाला तर आरंभी वाद्यांचा जो भाग येतो त्याचे नाव 'बर्दाश्त'. उर्दू जाणणाऱ्या वाचकाला हे वाचून हसू येईल, पण फारसीत या शब्दाचा मूळ अर्थ उचलणे असा आहे. मग खानेंदे खालच्या पट्टीत गझल धरतो, बहुधा फुजुलीची, आणि एकेका मुक्कामावर रेंगाळत वर चढत जातो. रागाची आलापी ऐकलेल्या कानाला ही चाल ओळखीची वाटते. राग आणि मुघाम एक नव्हेत, पण दोहोंतही गाणारा ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून पुढचे पाऊल टाकतो. समोरचा श्रोता जाणता नसेल तर गाणे अर्धेच राहते. परदेशी रंगमंचावर मुघाम मांडण्यातली खरी अडचण इथे आहे.

ही अडचण पहिल्यांदा सोडवली ती कुठल्या सरकारने नव्हे, तर बावीस वर्षांच्या एका शिक्षकाने. उजेयिर हाजीबेयोव याने १९०८ च्या जानेवारीत बाकूच्या तागीयेव नाट्यगृहात 'लैला मजनून' हा संगीत खेळ केला. पूर्वेकडच्या मुस्लिम समाजातला हा पहिला ऑपेरा मानला जातो. काव्य फुजुलीचे, म्हणजे निजामी गंजवीने बाराव्या शतकात फारसीत रचलेली आणि आपल्या अमीर खुसरोनेही पुन्हा रचलेली कथा सोळाव्या शतकात तुर्कीत आली, ती इथे रंगमंचावर चढली. हाजीबेयोवने ऑपेराचा युरोपीय साचा घेतला, समूहगीते आणि वाद्यवृंदाचे भाग स्वरलिपीत लिहिले. पण नायक-नायिकेच्या गाण्यापाशी येऊन लेखणी खाली ठेवली. तिथे फक्त मुघामचे नाव. काय गायचे ते गाणाऱ्याने पाहावे. आमच्या मते या कोऱ्या जागांतच त्याची सगळी थोरवी आहे. दुसऱ्याचे भांडे घ्यावे, पण आपला पदार्थ त्या भांड्याच्या आकाराचा करू नये, ही समज त्याला त्या वयात होती.

मराठी वाचकाला इथे आपली संगीत रंगभूमी आठवेल. त्या खेळात मजनून झाला होता हुसेनगुलू सराब्स्की. लैलाचे काम मात्र एका चहाच्या दुकानातल्या तरुणाकडून करवून घ्यावे लागले, कारण मुसलमान स्त्री रंगमंचावर येणे शक्यच नव्हते. त्याच वर्षांत आपल्याकडे बालगंधर्व शकुंतला होत होते. नाटकाच्या पदात गवयाला मोकळी जागा ठेवण्याची रीतही आपल्याकडे होती, आणि ती जागा भरणाऱ्या भास्करबुवा बखल्यांसारख्यांची तालीम अल्लादिया खाँसाहेबांसारख्या उस्तादांकडे झाली होती. १९१२ साली शौकत मामेदोवा ही मुसलमान तरुणी बाकूच्या त्याच नाट्यगृहात गायला उभी राहिली, तेव्हा खवळलेल्या प्रेक्षकांमुळे तिला पळून जावे लागले. हा इतिहास आजच्या सरकारी पत्रकांत फक्त 'पूर्वेतला पहिला ऑपेरा' एवढ्या अभिमानापुरता उरतो. चहावाला तरुण आणि पळालेली मुलगी दोघेही गळतात.

सोव्हिएत राजवट आली तेव्हा आधी या संगीताकडे संशयाने पाहिले गेले. तार हे वाद्य मागासलेले, जुन्या जगाचे, ते नकोच असा सूर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेरीस लागला होता. मिकाईल मुशफिग या तरुण कवीने तेव्हा कविता लिहून तारला गात राहायला सांगितले. मग धोरण फिरले. प्रत्येक प्रजासत्ताकाने आपली कला मॉस्कोला नेऊन दाखवायची असे ठरले आणि १९३८ च्या एप्रिलमध्ये अझरबैजानी कलेचा दशाह तिथे थाटात पार पडला. हाजीबेयोवचा 'कोरोग्लू' ऑपेरा गाजला, बुलबुल या गायकाला आणि खुद्द हाजीबेयोवला मोठे किताब मिळाले, तारही वाजली. मुशफिगला त्याच वर्षीच्या जानेवारीत गोळी घातली गेली होती. वय तिशीच्या आत. हुसेन जाविद हा दुसरा मोठा कवी १९३७ साली पकडला गेला आणि १९४१ साली सायबेरियात वारला. वाद्य दाखवायला नेले आणि वाद्याची बाजू घेणाऱ्याला मारले, हे दोन्ही चार महिन्यांच्या आत घडले. कलेचे प्रदर्शन मांडणारी सत्ता कलेवर प्रेमच करते असा समज असलेल्यांनी या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून पाहाव्यात.

पण एवढ्यावरून सगळे प्रदर्शन खोटे ठरवणेही आम्हाला मान्य नाही. त्याच सोव्हिएत व्यवस्थेने संगीतशाळा उघडल्या, स्त्रियांना रंगमंच मिळवून दिला, रशीद बेहबुदोवसारखा गोड गळ्याचा गायक देशोदेशी पाठवला. तो आपल्याकडेही येऊन गेला होता आणि हिंदी गाणीही म्हणत असे. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारने तर या कामावर सढळ हाताने खर्च केला. २००३ साली युनेस्कोने मुघामला मानवजातीच्या मौखिक वारशातली श्रेष्ठ कृती ठरवले आणि २००८ साली आपल्या यादीत घातले. त्याच वर्षाअखेर बाकूच्या समुद्रकाठी तारच्या आकाराची मुघाम केंद्राची इमारत उभी राहिली. गालिच्यांचे संग्रहालय गुंडाळलेल्या गालिच्याच्या आकाराचे. (तार दाखवायची तर इमारत तारसारखी आणि गालिचा दाखवायचा तर गालिच्यासारखी, ही कल्पनाशक्ती आम्हाला बेताचीच वाटते.) या सगळ्याच्या पाठीशी हैदर अलीयेव प्रतिष्ठान आहे. त्याच्या प्रमुख मेहरिबान अलीयेवा या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी आणि २०१७ पासून देशाच्या पहिल्या उपराष्ट्राध्यक्षा. नाव ज्यांचे दिले ते हैदर अलीयेव राष्ट्राध्यक्षांचे वडील आणि आधीचे राष्ट्राध्यक्ष. राष्ट्राची कला आणि एका घराण्याची कीर्ती यांच्यात भिंत कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही. २०१२ साली युरोव्हिजन गायनस्पर्धा बाकूत झाली, तेव्हा समुद्रकाठच्या सभागृहासाठी आणि आसपासच्या सजावटीसाठी अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली. सत्ताधारी घराण्याचे व्यवहार उघडे करणाऱ्या पत्रकार खदिजा इस्माईलोवा यांना डिसेंबर २०१४ मध्ये अटक झाली आणि मे २०१६ पर्यंत त्या तुरुंगात होत्या.

हे सगळे ठाऊक असूनही आलिम गासिमोव गाऊ लागला की आम्ही ऐकत राहतो. १९५७ साली शमाखीच्या परिसरातल्या एका खेड्यात जन्मलेला हा गायक. १९९९ साली त्याला युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय संगीत परिषदेचा पुरस्कार मिळाला. त्याआधी हाच पुरस्कार नुसरत फतेह अली खाँसाहेबांना मिळाला होता. त्याचा आवाज आपल्या अर्थाने मधुर नाही. तो कधी कुजबुजतो, कधी कंठ चिरून टाकेल असा वर जातो, आणि शेराच्या मधल्याच एखाद्या शब्दावर थांबून राहतो. मुलगी फरगाना शेजारी बसून गाते. ती बापाची री ओढत नाही. तो जिथे सोडतो तिथून उचलून वेगळ्याच बाजूला नेते. २००७ साली आगाखान संस्थेच्या मध्य आशियाई संगीतमालेत या दोघांची ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यात देशाची जाहिरात नाही, गाणे मात्र भरपूर आहे. सरकारी सोहळ्यातल्या वाद्यवृंदाच्या गदारोळात चार मिनिटांचा मुघाम आणि ही ध्वनिमुद्रिका, दोन्ही ज्याने ऐकले त्याला आम्ही काय म्हणतो ते कळेल.

२०१६ च्या सप्टेंबरअखेर अमेरिकेत बर्कली इथे मार्क मॉरिस या नृत्यरचनाकाराने हाजीबेयोवचाच ऑपेरा नव्याने रंगमंचावर आणला. बाप-लेक मध्यभागी बसून गातात आणि भोवती नर्तकांच्या चार जोड्या आळीपाळीने लैला-मजनून होतात. मूळ काही तासांचा खेळ सुमारे एका तासावर आला आहे. एवढी काटछाट जाचते. मजनूनचे वाळवंट पायाखाली येण्याआधीच संपते. पण एक गोष्ट मॉरिसने बरोबर जाणली. गाणाऱ्यांना त्याने कोपऱ्यात सजावट म्हणून बसवले नाही. नाच त्यांच्या गाण्याच्या मागे चालतो. हाजीबेयोवच्या कोऱ्या जागा शंभरावर वर्षांनी परक्या मुलखातही कोऱ्याच राहिल्या आणि तिथेच गाणे झाले.

आता शेवटची गोष्ट शुशाची. कराबाखच्या डोंगरावरचे हे शहर मुघामचे माहेर समजले जाते. इथेच १८७२ साली खुर्शीदबानू नातवान या कवयित्रीने 'मजलिस-ए-उन्स' भरवायला सुरुवात केली. सादिकजानने तारला आजचे रूप दिले तेही इथलेच. आणि इथलाच जब्बार गर्यागदीओग्लू, विसाव्या शतकाच्या आरंभीचा सर्वांत मोठा खानेंदे. त्याच्या जोडीला तारवर गुर्बान पिरिमोव आणि कमांचावर साशा ओगानेझाश्विली. हा तिसरा आर्मेनियन. त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हते. अठराव्या शतकातला सयात नोव्हा हा आर्मेनियन कवी-गायक तर आर्मेनियन, जॉर्जियन आणि अझरबैजानी या तिन्ही भाषांत रचना करत असे.

पुढे १९९० च्या दंगलींनंतर बाकूतून आर्मेनियन गेले. १९९२ साली शुशा पडले आणि तिथले अझरबैजानी निर्वासित झाले. २०२० च्या युद्धात शहर परत अझरबैजानच्या हाती आले. मे २०२१ मध्ये 'खारीबुलबुल' संगीत महोत्सव तिथल्या मैदानावर पुन्हा भरला. २८-२९ वर्षांनी आपल्या गावच्या हवेत मुघाम ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले असेल तर ते खरेच होते. त्याची थट्टा करण्याचा अधिकार कुणाला नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये एक लाखाहून अधिक आर्मेनियन कराबाख सोडून गेले. तार आणि कमांचा कुणाचे यावर दोन्ही देशांत आजही वाद चालतो. युनेस्कोच्या यादीत तार २०१२ साली अझरबैजानच्या नावाने लागली, कमांचा २०१७ साली अझरबैजान आणि इराण यांच्या नावाने. जब्बारच्या उजव्या-डाव्या हाताला बसणारी ती दोन वाद्ये. त्यांतला कमांचा साशाच्या हातात होता.